चौथा साचा

नेस्टा प्रॉसर, वय सत्तावन्न.
वरच्या दोन पुढच्या दातांत दीड मिलिमीटर फट,
खालचा एक शेजाऱ्याच्या खांद्यावर कलंडलेला.
बाकी तोंड निकोप.
असं मी लिहून घेतलं, मे महिन्यात,
डोल्गेथ्लायच्या पुलाजवळच्या माझ्या दवाखान्यात.
तिच्या बुटांना शेण होतं.

तक्रार?
"भाचीचं लग्न आहे सप्टेंबरात.
फोटोत मी कायम ओठ मिटून.
सगळ्यांना वाटतं, नेस्टा रागीट आहे."

नऊ साचे, म्हटलं, प्रत्येकी दहा दिवस,
दिवसाचे बावीस तास, जेवताना तेवढे काढायचे.
पारदर्शक. कुणाला दिसणारही नाहीत.
"डोंगरावर बघायला आहे कोण?
मेंढ्या, आणि फ्लॉस."
फ्लॉस तिची कुत्री.
दातांच्या डॉक्टरला हे नाव सांगताना
तिलाच हसू फुटलं
आणि ती फट मला प्रथमच दिसली,
मोजण्याआधी असते तशी.

पहिल्या साच्याला तिनं मान झटकली:
"लगाम घातलास की गं."
दुसऱ्याला स चे श झाले.
तिसऱ्याला सवय.
चौथा मेंढ्यांच्या बाजारात हरवला,
लोण्याच्या रिकाम्या डबीत सापडला.
मी दर खेपेला माप घेत होते. दात सरकत होते, गुमान.
या धंद्यात मला हेच आवडतं:
माणसांपुढे दाताच्या कण्या कराव्या लागतात,
दातांपुढे नाही.

सहाव्याला ती वेळ न घेताच आली.
टोपी हातात, साचा खिशात.
"फ्लॉस येत नाही."
मला वाटलं, गेली बिचारी.
"नाही गं. बसते. माझ्याकडे बघते.
मी डावीकडची शीळ घालते, ती बसून.
उजवीकडची, बसून.
काल धुक्यात अकरा मेंढ्या ओढ्यात उतरल्या
आणि मी वेड्यासारखी हाका मारतेय.
हाक तिला कळतच नाही.
तिला माझी शीळ कळते.
ती त्या फटीतून यायची."

माझ्या अर्जावर रकाने आहेत:
मधुमेह, रक्तदाब, पेनिसिलिन, दिवस गेलेत का.
दातांनी तुम्ही आणखी काय करता,
हा रकाना नाही.

बाजारात शिट्ट्या मिळतात, मी म्हटलं, पत्र्याच्या.
"वडिलांनी दिली होती, नऊ वर्षांची असताना.
मग हे दात आले, शिट्टी कुठे गेली कोण जाणे.
आणि फ्लॉस बारा वर्षांची आहे.
आता तिला नवी भाषा शिकवू?"

घाल बघू, म्हटलं, इथेच.
ती लाजली. मग जीभ मागे, ओठ ताणून
हवा.
नुसती हवा, आधण येण्याआधीच्या केटलीसारखी.
बाहेरच्या बाकावरचा मुलगा खिदळला.
हसतील त्याचे दात दिसतील, म्हणत मी दाराकडे वळले;
त्याचे पुढचे दोन नव्हतेच.

पाचवा चढवून पाहिला. जेमतेम बसला.
चौथा घाल, म्हटलं, पंधरा दिवस. आवळेल, सोस.
मागे जायला दात कायम तयार असतात.
एरवी आम्ही त्यालाच भितो.

सतराव्या दिवशी फोन.
हॅलो नाही, काही नाही.
एक शीळ, बारीक, काठाला जरा फाटलेली.
"आली," मग म्हणाली.
"उशिरा. मान वाकडी करून,
तू कोण, असं विचारत.
पण आली."

चौथ्यावरच थांबलो.
रात्रीचा कायमचा साचा त्याच मापाचा केला.
फट मिलिमीटरला थोडी कमी.
फायलीवर 'उपचार अपूर्ण' लिहावं लागलं,
कारण दुसरा पर्याय 'पूर्ण' एवढाच होता.
पाच ते नऊ माझ्या खणात आहेत.
टाकून द्यायचे राहिलेत.

सप्टेंबरात तिनं फोटो पाठवला.
भाची पांढऱ्यात, नवरदेव घामेजलेला,
कडेला नेस्टा, निळी हॅट,
ओठ घट्ट मिटून.
पायाशी फ्लॉस.
तिचे मात्र सगळे दात दिसताहेत,
खालचा एक थोडा वाकडा.